सोफ्यामागची भिंत

सागवानाचा बारीक भुसा चहावर पडला तर तो लगेच बुडत नाही. आधी मधोमध तरंगतो, मग कडेकडे सरकतो आणि कपाला आतून एक पातळ तांबूस वलय धरून बसतो. बीच या विलायती लाकडाचा भुसा मात्र आल्या आल्या पाणी पितो आणि तळ गाठतो. हा फरक माझ्या नव्हे, आमच्या ह्यांच्या लक्षात आला. एका सकाळी कपात डोकावून ते म्हणाले, "आज सागवान वाटतं." आणि चमच्याने वलय काढून शांतपणे चहा प्यायले.

त्यांनी तक्रार केली असती तर मला बरं वाटलं असतं. तक्रार करणाऱ्याशी वाद घालता येतो. सवय झालेल्या माणसापुढे मात्र अपराधी वाटून घेण्यापलीकडे काही करता येत नाही.

मी खुर्च्या करते. नोकरीत असताना औषधांच्या कारखान्यात हवेतली धूळ मोजत असे. निवृत्त झाल्यावर ती स्वतः तयार करू लागले. घराच्या मागच्या खोलीत करवतीचं यंत्र, रंधायंत्र, लेथ आणि मी असे चौघं मावतो. कोणी पाचवं डोकावलं की एकाला बाहेर जावं लागतं, आणि यंत्रं जड असल्यामुळे ती पाळी माझ्यावर येते. माझ्या खुर्च्यांच्या सांध्यात पोस्टकार्डाचा कोपरा शिरत नाही. ही बढाई नाही. पोस्टकार्ड घेऊन पाहिलेलं आहे.

तर धूळ. पहिला उपाय मी सगळे करतात तोच केला, खिडकीत एक्झॉस्ट पंखा बसवला. परिणाम उत्तम होता. खोलीतली हवा निवळली, चहा चहासारखा दिसू लागला, आणि प्रश्न सुटला असं मी जाहीर करून टाकलं. प्रयोगशाळेत आयुष्य काढलेल्या बाईला एक साधी शंका यायला हवी होती, की खोलीतून गेलेली धूळ गेली कुठे. त्याचं उत्तर खालच्या मजल्यावरून आलं.

खाली आमच्या इमारतीचे सेक्रेटरी राहतात. ते फक्त पांढरे शर्ट घालतात, स्वतः धुतात आणि गॅलरीतल्या दोरीवर इस्त्री केल्यासारखे ताणून वाळत घालतात. एका सकाळी ते त्यातला एक शर्ट हँगरसकट घेऊन वर आले. शर्ट फिक्या बदामी रंगाचा झाला होता, आणि अगदी एकसारखा. कुठे डाग नाही, कुठे गडद-फिकट नाही. माझ्या हातून पॉलिशही इतकं सारखं होत नाही.

"वहिनी, हा पांढरा होता," ते म्हणाले.

"रंग वाईट नाही आला," आमचे हे म्हणाले. ह्यांना मध्यस्थी करण्याची फार आवड आहे. हात मात्र कच्चा आहे.

सेक्रेटरींनी ह्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "पुढच्या मीटिंगला हा विषय घेतोय. तोवर धुळीचा पक्का बंदोबस्त झाला तर ठीक. नाहीतर मशिनं काढावी लागतील. तुमचा विरंगुळा आहे, मला समजतं. पण शर्ट माझे आहेत."

मशिनं काढावी लागतील हे मी ऐकून घेतलं. विरंगुळा मात्र काळजात घुसला. विरंगुळा म्हणजे पत्ते, कोडी, फार तर खिडकीत उभं राहून रस्ता बघणं. विरंगुळ्यात कोणी सांधा तीनदा खोलून पुन्हा बसवत नाही.

पंखा त्याच दिवशी काढला. सेक्रेटरींनी इमारतीची नियमावली उघडली. तिच्यात शिलाई मशीन होतं, पाळीव प्राणी होते, गच्चीवरची टाकी होती, सुतारकाम नव्हतं. नियमात नसलेली गोष्ट बंदही करता येत नाही आणि चालूही ठेवता येत नाही, असं त्यांचं मत पडलं. दोन दिवस विचार करून त्यांनी माझी यंत्रं 'वाद्ये' या कलमाखाली घातली. त्यामुळे मीटिंग होईपर्यंत मला रंधायंत्र फक्त सरावाच्या ठरलेल्या वेळेत वाजवण्याची परवानगी मिळाली. समोरच्या घरातली मुलगी त्याच वेळेत व्हायोलिन वाजवते. तिची आई म्हणाली, मुलीचा सूर सुधारलाय, तुमच्या मशीनला धरून ठेवते.

आता धूळ ओढण्याची यंत्रं दोन तऱ्हेची असतात. एक छोटं, म्हणजे घरातला व्हॅक्यूम क्लीनर आणि त्याच्याआधी जोडलेलं पिंप. भुसा पिंपात पडतो, हवा पुढे जाते. स्वस्त, सुटसुटीत, कोपऱ्यात मावणारं. दुसरं मोठं, कपाटाएवढं. त्याची ओढ दिसायला सौम्य असते, पण ते खोलीतली खूप हवा एकदम उचलतं आणि घड्यांच्या जाड फिल्टरमधून गाळून परत देतं. भुशाची मला काळजी नव्हती. भुसा जमिनीवर पडतो आणि झाडता येतो. खरी भीती दिसत नाही त्या धुळीची. ती हवेत राहते, शर्टावर बसते आणि छातीत जाते. ती पकडायची तर मोठंच यंत्र हवं, आणि त्याची नळी आखूड आणि सरळ हवी. प्रत्येक वळणाला ओढ कमी होते. इतकं सगळं मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मग निर्णय व्हायला मीटिंगपर्यंत वेळ का लागला, तर त्याचं कारण भिंत.

मागच्या खोलीत मोठं यंत्र मावत नाही. ते खोलीबाहेर ठेवून भिंतीतून नळी आणायची तर चारपैकी एकच भिंत उपयोगाची आहे. तिच्या पलीकडे आमची बैठकीची खोली आहे. आणि त्या भिंतीला टेकून, अगदी नेमक्या त्या जागी, वन्संनी दिलेला सोफा आहे.

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. वरच्या मजल्यावर राहतात. आम्ही हे घर घेतलं तेव्हा त्यांनी स्वतः निवडून तो सोफा पाठवला. मखमल जांभळी, पाय सिंहाच्या पंजांचे, आणि पाठीला नक्षी. रोज दुपारी त्या खाली येतात आणि त्या सोफ्याच्या बरोबर मधोमध बसतात. तिथे बसून त्यांनी माझ्या संसाराबद्दल जेवढे सल्ले दिले तेवढे पाळले असते तर माझे दोन संसार झाले असते. सोफा मी एकदा उलटा करून पाहिला आहे. आत खोक्याच्या फळ्या आहेत आणि खिळे वाकवून ठोकलेले आहेत. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. काही ज्ञान स्वतःजवळच ठेवावं लागतं.

तेव्हा मी काय केलं, तर सोफा सोडून बाकी सगळं करून पाहिलं.

आधी छोटं यंत्र. घरचा व्हॅक्यूम क्लीनर घेतला, वन्संकडचं जुनं प्लॅस्टिकचं पिंप मागून आणलं, झाकणाला दोन भोकं पाडली आणि सांध्यांना मेणचट पट्टी लावली. चाचणी बघायला वन्संना बोलावलं, कारण पिंप त्यांचं होतं. सुरुवात छान झाली. भुसा नळीतून सळसळत गेला आणि पिंपात पडला. ह्यांनी टाळी वाजवली. मग रंध्याची एक लांब साल नळीच्या तोंडात आडवी बसली. हवा यायची थांबली, पण व्हॅक्यूम क्लीनरला ते कोण सांगणार. त्याने पिंपातली होती नव्हती ती हवा ओढून घेतली. पिंपाने एकदा पोट आत घेतलं, क्षणभर तसंच धरलं आणि मग धाडकन आवाज करून स्वतःला मिठी मारली.

वन्संनी त्याच्या दबलेल्या पोटावरून हात फिरवला. "माझ्याकडे अठरा वर्षं पाणी भरलं त्याने," त्या म्हणाल्या. "कधी कुरकुर नाही."

"त्यात पाणी असतं तर असं झालं नसतं," मी म्हणाले. शास्त्रीयदृष्ट्या हे बरोबर होतं. बोलायला नको होतं.

मग तळमजल्यावरचे इंजिनिअर आले. ते पाण्याच्या टाक्यांची कामं करतात आणि नळी दिसली की त्यांना राहवत नाही. "काकू, मोठं मशीन गॅलरीत ठेवू," ते म्हणाले. "नळी मी आणतो फिरवून. सोफ्याला कशाला हात लावायचा?" सोफ्याला हात न लावण्याचा विचार माझ्याइतका कोणालाच प्रिय नव्हता, म्हणून मी हो म्हणाले. त्यांनी प्लॅस्टिकचे पाइप आणले. मागच्या खोलीतून निघालेली नळी बोळातून गेली, स्वयंपाकघराच्या दारावरून वळली, न्हाणीघराला वळसा घालून छताखालून उतरली आणि गॅलरीत पोहोचली. वाटेत तिने घरातल्या प्रत्येकाची चौकशी केली असावी. दुकानदाराने दोन दिवस वापरून बघायला दिलेलं मोठं यंत्र पलीकडच्या टोकाला जोडलं. अलीकडच्या टोकाला मी रेशमाचा दोरा धरला. दोरा जरासा हलला. ह्यांनी शेजारी उभं राहून श्वास सोडला तेव्हा तो जास्त हलला.

"ओढ आहे," इंजिनिअर म्हणाले.

"ह्यांच्या श्वासाइतकी नाही," मी म्हणाले.

तेवढ्यात सेक्रेटरी पाहणीला आले. कोरडी हवा, कोरडा भुसा आणि प्लॅस्टिकची नळी, यांतून वीज साठते. मला ते माहीत होतं, तार जोडून ती जमिनीत सोडायची हेही माहीत होतं. पण पाहुण्यांनी आल्या आल्या नळीला हात लावू नये हे त्यांना माहीत असायला हवं होतं. त्यांनी दारावरच्या वळणाला बोट लावलं. ठिणगी उडाली, ती मला स्पष्ट दिसली, छान निळी होती. सेक्रेटरींनी बोट तोंडात घातलं आणि तसंच तोंडात ठेवून म्हणाले, "हेही मीटिंगमध्ये घेतोय."

नळी उतरली. यंत्र दुकानात परत गेलं. दुकानदार म्हणाला, "ताई, मशीनमध्ये खोट नाही, तुम्ही त्याला फिरायला नेलंत." मीटिंग जवळ येत होती आणि मी अजूनही सोफ्याचं नाव घेत नव्हते. ह्यांना सगळं दिसत होतं. जेवताना ते मधेच म्हणायचे, "भिंत तशी ती एकच आहे, नाही का?" आणि मी म्हणायचे, "भाजी घ्या अजून."

अशा वेळी शिकलेलं माणूस जे करतं ते मी केलं. निर्णय घ्यायचा नसला की ते मोजमाप करतं. मी मनाशी म्हटलं, सेक्रेटरींच्या शर्टावर पंखा होता तेव्हा भुसा बसला, ठीक. पण आता पंखा नाही, खिडकी बंद असते. आता इमारतीत जी धूळ आहे ती रस्त्याची आहे, गाद्यांची आहे, सगळ्यांची आहे. हे आकड्यांत मांडलं की विषयच संपेल. मग छोटंसुद्धा यंत्र पुरेल, आणि सोफा जागेवर राहील.

पद्धत सोपी होती. काचपट्टीवर व्हॅसलिनचा पातळ थर द्यायचा, ती प्रत्येक घराच्या खिडकीशी ठेवायची आणि आठवड्याने सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. घरोघरी जाऊन मी पट्ट्या ठेवल्या आणि कोणी हात लावू नका म्हणून बजावलं. आठवड्याने गोळा केल्या. सगळ्या लखलखीत होत्या. इतक्या स्वच्छ काचा मी कारखान्यातसुद्धा पाहिल्या नव्हत्या.

"काच चिकट झाली होती हो," समोरच्या व्हायोलिनवालीची आई म्हणाली. "तुम्ही नेणार, बघणार. पुसून ठेवली."

"पण तीच धूळ बघायची होती."

"आमची धूळ तुम्ही कशाला बघायची?"

वन्संनी पट्टी पुसली नव्हती. त्यांनी ती कपाटात, साड्यांच्या मधे, कुलपात ठेवली होती. "धूळ बसू नये म्हणून," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा पट्ट्या ठेवल्या. या वेळी घराघरात बसून समजावलं की धूळ निघणं हा घराचा अपमान नाही. तरी खालच्या जिन्यात कुजबुज सुरू झालीच. कोणाकडे जास्त निघेल, कोणाकडे कमी. इंजिनिअरांची बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "आमची जरा कमी दाखवा ना, काकू. सासूबाई यायच्यात." रक्ताचा अहवाल घ्यायला आल्यासारखे लोक दार वाजवून विचारायचे, "आमचा आला का?"

आला. सगळ्यांचा आला. दुपारच्या उजेडात खिडकीपाशी बसून मी एकेक पट्टी बघितली. कापसाचे तंतू, रस्त्याची काजळी, केस, एका घरात भरपूर टाल्कम पावडर. आणि मग सेक्रेटरींची पट्टी. मी ती बघितली, डोळे पुसले, भिंग पुसलं आणि पुन्हा बघितली. तांबूस, तेलकट सागवान. फिकट आखूड तंतूंचं बीच. जिन्याच्या तोंडाशी, वन्संच्या खिडकीत, समोरच्या घरात, सगळीकडे थोडं थोडं, पण सेक्रेटरींकडे गच्च. दाराखालच्या फटीतून आणि बंद खिडकीच्या झिरपणाऱ्या चौकटीतून दिवसभर माझी धूळ बाहेर जात होती. कोणत्या आठवड्यात मी कोणती खुर्ची केली ते त्यांच्या खिडकीत वाचता येत होतं.

मी ह्यांना बोलावलं. त्यांनी भिंगातून बघितलं.

"हे तुझं?"

"माझं."

"सगळं?"

"बहुतेक."

ते खुर्ची ओढून बसले. "कोणाला दाखवलंस?"

"अजून नाही."

"मग राहू दे. विचारलं तर सांगू, पट्ट्या पुसल्या गेल्या. एकदा पुसल्याच होत्या."

"निकाल लपवत नाहीत," मी म्हणाले.

"तुझ्या विरुद्ध असला तरी?"

"पद्धतीत चूक नाहीये. माझ्या खोलीतल्या भुशाशी त्यांची पट्टी जुळते." आणि हे सांगताना माझा आवाज थोडा चढला असावा, कारण ते माझ्याकडे बघून हसले. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी वाईट कमी आणि समाधान जास्त वाटत होतं. इतका स्वच्छ, इतका निःसंदिग्ध निकाल मला नोकरीत क्वचितच मिळाला होता. तो माझी खोली बंद करणार होता ही वेगळी गोष्ट.

मीटिंग जिन्याखालच्या मोकळ्या जागेत भरली. सेक्रेटरी तयारीने आले होते. बदामी शर्ट पारदर्शक पिशवीत, बोटाला पट्टी, हातात नियमावली. त्यांनी घसा साफ केला तेवढ्यात मी उभी राहिले आणि आधी बोलण्याची परवानगी मागितली. मग सगळ्या घरांचे निष्कर्ष क्रमाने वाचले. टाल्कम पावडरच्या वेळी मी घराचं नाव घेतलं नाही, तरी सगळ्यांनी व्हायोलिनवालीच्या आईकडे बघितलं. शेवटी सेक्रेटरींच्या खिडकीचं वाचलं. तिथली बहुतेक धूळ लाकडाची आहे, ती माझ्या खोलीतली आहे, आणि पंखा काढल्यावरसुद्धा येते आहे.

सेक्रेटरींनी पिशवीतला शर्ट अर्धा बाहेर काढला होता, तो तसाच राहिला.

"म्हणजे, वहिनी, तुम्ही मान्य करताय?"

"मान्य नाही, सिद्ध करतेय."

त्यांचा चेहरा पडला. भांडणाची एवढी तयारी केलेल्या माणसाच्या हातातून भांडणच काढून घेतलं की त्याला बसावं की उभं राहावं कळत नाही. ते बसले. मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "तुम्ही सरळ बोललात, ते मला आवडलं. पण मग उपाय काय? विरंगुळाच आहे शेवटी. दुसरं काही करता येईल. विणकाम आहे. त्यात धूळ नाही."

"विरंगुळा नाही तो," आमचे हे म्हणाले.

ह्यांनी मध्यस्थी सोडून एखादी बाजू घेतलेली मी फारशी पाहिलेली नाही. ते उभे राहिले, हात पाठीमागे बांधले, आणि अडखळले. "ती खुर्च्या करते. नीट करते. एक खुर्ची मनासारखी झाली नाही म्हणून तिने ती फोडली, मी बघितलंय. मी ऑफिसात इतकी वर्षं काम केलं, पण एक कागद कधी फाडला नाही मी मनासारखा झाला नाही म्हणून." मग आणखी काही सुचेना म्हणून ते खाली बसले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं. मान मात्र ताठ झाली, ती मला स्वतःलाही जाणवली.

"मग उपाय आहे की नाही?" सेक्रेटरींनी विचारलं. "मला सोमवारपासून शर्ट वाळत घालायचेत."

"आहे," इंजिनिअर म्हणाले. "मोठं मशीन. बारीक धूळसुद्धा सोडत नाही. हवा आतल्या आत गाळतं, बाहेर काही जायचा प्रश्नच नाही. मी दोन दिवस चालवून बघितलंय." ते कुठून कुठून चालवलं ते त्यांनी सांगितलं नाही.

"एवढं आहे तर घेतलं का नाही अजून?"

इंजिनिअर बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. आमचे हे जिन्याखालच्या दिव्याकडे बघू लागले. समोरच्यांनी एकमेकांकडे बघितलं, कारण इतके दिवस जिन्यातून ये-जा करताना सगळ्यांनीच ऐकलं होतं की भिंत एकच आहे. ज्यांनी ऐकलं नव्हतं त्या एकट्या वन्संच.

त्या पुढच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी मागे वळून आधी भावाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अगं, घे ना मग ते मोठं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांदेखत इतकं खरं बोललीस, आता कसला संकोच? घोडं अडलंय कुठे?"

मी हातातले कागद घडी करून ठेवले.

"तुमच्या सोफ्यापाशी, वन्सं," मी म्हणाले. "मोठं यंत्र घेतेय मी. ते त्या भिंतीला बसेल. सोफा काढायचा."